तीन नंबर खाचरात उतरतो

मुकेशच्या भंगाराच्या वखारीत तो ट्रॅक्टर दिसताच शंकरनं त्याच्याकडं पाठ केली. जी वस्तू घ्यायची तिच्याकडं भाव ठरेपर्यंत बघायचं नाही, असा त्याचा नियम होता. हा नियम त्यानं वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, त्याच क्षणी केला होता, त्यामुळं पाळायचा सराव नव्हता.

"ताई, तिकडं बघू नकोस," तो हळूच म्हणाला.

"कुठं?" म्हणत अंजनानं नेमकं तिकडंच पाहिलं. "हाच का तो? अरं, ह्याला नांगर कुठं लावायचा? ह्याला तर पुढं सूप बांधलंय."

सूप म्हणजे लोडरची बादली. ट्रॅक्टर एके काळी पिवळा होता. अंबरनाथच्या कंपनीच्या यार्डात त्यानं पंचवीस वर्षं कोळसा, राख, पिंपं आणि एकदा जनरल मॅनेजरची गटारात गेलेली मोटार उचलली होती. पाठीवर पांढऱ्या अक्षरांत 'यार्ड – ३' आणि त्याखाली 'वेगमर्यादा ताशी ५ कि.मी.' असं लिहिलेलं अजून वाचता येत होतं. कंपनी बंद पडली, फाटकाला कुलूप लागलं, माणसं पांगली आणि तीन नंबर उल्हासनगरात मुकेशकडं येऊन पडला. शंकर त्या कंपनीत बावीस वर्षं फिटर होता. तीन नंबरचं इंजिन त्यानं चार वेळा खाली उतरवलं होतं. घरातल्या कुठल्याही माणसाच्या पोटात काय आहे याची त्याला इतकी खात्री नव्हती.

मुकेश गल्ल्यावरून उठून आला. जन्म उल्हासनगरचा, घरची बोली सिंधी. मराठी, हिंदी आणि सिंधी या तिन्ही भाषा तो एका वाक्यात कुणावर अन्याय न करता वापरत असे.

"शंकरभाऊ, पाठ फिरवून फायदा नाही. आत येताना तुम्ही बॉनेटला हात लावला, मैंने देख लिया. असा हात तर साईं, माणूस सासरहून आलेल्या मुलीच्या डोक्यावर ठेवतो."

"चालू होतो का?" शंकरनं समोरच्या भिंतीला विचारलं.

"मला काय विचारता? आजारी पडला की डॉक्टर तर तुम्हीच होता."

अंजना ट्रॅक्टरभोवती फेरी मारून आली. साठीला टेकलेली, काटक बाई. गुरांच्या बाजारात जनावराकडं बघतात तसं तिनं त्याच्या पायांकडं आधी पाहिलं. "ह्याचं वजन किती?"

बावीस वर्षांत शंकरनं हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मुकेश मात्र खुलला.

"हे विचारलंत ना, ताईजी. शोरूममध्ये जा, हॉर्सपॉवर सांगतील, वजन कोणी सांगणार नाही. मी भंगारवाला. काट्यावर चढवल्याशिवाय मी कुणाला आत घेत नाही. पावणेचार टन."

"गावात भाड्याचा येतो, तो किती असंल?"

"तो दोनच्या आत," शंकर म्हणाला.

"मग हा खाचरात उतरंल, पण वर येणार नाय," अंजना म्हणाली. "ह्यातलं काय काय काढता येईल ते बोला."

मुकेशनं कान टवकारले. काढलेलं लोखंड कुणाचं, एवढाच प्रश्न होता. पुढचं सूप, सुपाचे दोन हात, मागचा तोल सांभाळायचा काँक्रीटचा ठोकळा, वरचं छप्पर, बंपर. अंजना बोट दाखवत गेली आणि मुकेश "मेरा" म्हणत गेला. पंधरा मिनिटांत ट्रॅक्टरचा बराचसा भाग मुकेशकडं राहिला आणि उरलेला, दोघांनाही आपण जिंकलो असं वाटेल अशा भावात, शंकरचा झाला. तेव्हा कुठं शंकरनं वळून त्याच्याकडं पोटभर पाहिलं.

"मिठाई खाऊन जायचं," मुकेश म्हणाला. "गिऱ्हाईक येऊन मलाच भंगार देऊन गेलं, असं दुकानात पहिल्यांदा झालं."

ट्रॅक्टर घ्यायच्या घाईचं कारण नदीकाठी होतं. बदलापूरच्या पुढं, उल्हास नदीच्या वळणावर वडिलांनी, आबांनी, मागं ठेवलेली दोन एकर खाचरं होती. सातबाऱ्यावर नावं तीन भावंडांची, चिखलात पाय एकटीचे. अंजना विधवा होऊन माहेरी आली तेव्हापासून तीस वर्षं शेत तीच करत होती. गेल्या साली जुलैतल्या पुरात तिची बैलजोडी गेली. पाणी ओसरलं तेव्हा खाचरांत हातभर गाळ बसला होता, आणि तो गाळ पाहून एका वीटभट्टीवाल्याला थोरल्या भावाबद्दल, बाळाजीबद्दल, एकाएकी आदर वाटू लागला. त्याला माती हवी होती. दिवाळीपासून उचलायला सुरुवात करायची, तीन फूट खाली जायचं. तीन फूट गेल्यावर खाचर राहत नाही, तळं होतं, हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नव्हता.

बाळाजीचं म्हणणं सरळ होतं. बैल नाहीत; भाड्याच्या ट्रॅक्टरची पाळी येईपर्यंत रोप जून होणार; पडीक ठेवण्यापेक्षा माती दिलेली काय वाईट? त्यावर अंजना काही बोलायच्या आत शंकर फोनवरून म्हणाला होता, "मी आहे ना." अशी वाक्यं माणूस फोनवरच बोलतो, कारण तिथं त्याचा चेहरा कुणाला दिसत नाही. मग बाळाजीनं मुदत घातली. जुलैतला दुसरा रविवार. त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत खाचरांची चिखलणी होऊन रोप लागलं, तर भट्टीवाल्याला नकार. नाही लागलं, तर तिघांनी निमूट सही करायची.

उल्हासनगरातच कॅम्प चारमध्ये धम्मदीपचं वर्कशॉप होतं. तो कंपनीत लेथवर होता. कंपनी गेल्यावर त्यानं स्वतःचा लेथ टाकला. तीन नंबर दारात आला तेव्हा त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं आणि एखादा जुना साहेब भेटावा तसं त्याच्याकडं थोडा वेळ नुसतं पाहिलं.

"ह्यानं माझ्या सायकलवरून चाक घातलं होतं," तो म्हणाला. "चल, आत घे."

कारखान्याच्या ट्रॅक्टरचं सगळं आयुष्य समोर असतं आणि शेतीच्या ट्रॅक्टरचं मागं. म्हणजे या प्राण्याचं तोंड काढून त्याला शेपूट बसवायची होती. त्याच बनावटीच्या एका मोडीतल्या शेती ट्रॅक्टरची लिफ्ट मिळाली, नांगर-फळी उचलायची. तेलाचे पुढचे पाइप फिरवून मागं आणले. लिफ्टची भोकं जुळेनात.

"अर्धा इंच कमी पडतोय," धम्मदीप म्हणाला.

"अर्धा इंच कमी पडला तर आपण कंपनीत काय करायचो?"

"मेमो लिहायचो."

इथं मेमो घेणारं कुणी नसल्यामुळं त्यानं जाड प्लेट घेतली आणि भोकं स्वतःच पाडली. मागचे, रस्त्यावर पळायचे गुळगुळीत टायर उतरले. चिखलासाठी धम्मदीपनं लोखंडी अँगलची पिंजऱ्यासारखी चाकं जोडली, रुंद, म्हणजे भार पसरेल. मागं घेताना वाजणारा कंपनीचा भोंगा तेवढा शंकरनं काढू दिला नाही. तो म्हणाला, त्याचं वजन फक्त पाव किलो आहे. त्या आठवड्यात तो रोज कोपरापर्यंत काळा होऊन घरी जायचा आणि आंघोळ करताना शीळ घालायचा. कंपनी गेल्यापासूनच्या चार वर्षांत त्या घरात शीळ ऐकू आली नव्हती, त्यामुळं पहिल्या दिवशी त्याच्या बायकोनं, सुनंदानं, कुकर बंद केला.

गुरुवारी सुनंदा अंबरनाथ पश्चिमेहून डबा घेऊन आली आणि तिच्या मागोमाग बाळाजी आला. अंजना आधीच स्टुलावर बसून पिंजऱ्याच्या सळ्या मोजत होती.

"मुद्दा असा आहे," बाळाजी म्हणाला. दहा वर्षं ग्रामपंचायतीत काढल्यामुळं त्याचं कुठलंही वाक्य मुद्द्याशिवाय सुरू होत नसे. संपताना मुद्दा असेलच असं नाही. "मुद्दा असा आहे, शंकर, की हौसेला माझी ना नाही. पण हे कारखान्याचं धूड. ह्याला भात कळतं का?"

"बैलांना तरी कुठं कळत होतं?" अंजना म्हणाली.

"बैल मागं वळून बघायचे. तू हाक मारलीस की."

"भावोजी बोलतात त्यात चूक काय?" सुनंदा डबा उघडत म्हणाली. त्या दिवसापर्यंत ती बाळाजीच्या बाजूची होती. "घरात दुरुस्त करायला काही उरलं नाही, म्हणून हे शेतावर निघालेत. मिक्सर तीनदा उघडला. तिसऱ्यांदा तर तो चालू होता, वन्सं."

"जरा उजेडात घे बघू," बाळाजी म्हणाला. "खालून बघतो."

शंकर थांबला. "बॅटरी जरा..."

"फुल आहे," धम्मदीप म्हणाला. तो प्रामाणिक माणूस होता आणि या गुणाचा त्याच्या मित्रांना नेहमी त्रास व्हायचा.

"ऑइल बसू दे."

"सकाळीच बसलं."

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी शंकरनं कुणालाच सांगितली नव्हती. त्याला ट्रॅक्टर चालवता येत नव्हता. कंपनीत फिटरनं दुरुस्त करायचं आणि ड्रायव्हरनं चालवायचं, असा कडक कायदा होता. बंद गाडीवर बसायला, इंजिन सुरू करून कान लावायला फिटरला मुभा होती. गाडी हलली की ती ड्रायव्हरची. अठ्ठ्याऐंशी साली शंकरनं तीन नंबर फक्त चार फूट पुढं घेतला, तर ड्रायव्हर लोकांनी अर्धा दिवस काम बंद ठेवलं आणि शंकरला मेमो मिळाला. त्यानंतर त्यानं तो पुन्हा हलवला नाही. गिअरबॉक्समध्ये दात किती हे त्याला तोंडपाठ होतं, पण त्या दातांनी काय चावतात याचा अनुभव नव्हता. आणि कुणी विचारलंही नव्हतं. जो माणूस घड्याळ उघडतो त्याला वेळ कळते, असं सगळे धरूनच चालतात.

तो चढला. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि वर्कशॉपमधल्या सगळ्यांच्या छातीत गोड हादरा बसला. स्टिअरिंगखालचा पुढं-मागं करायचा दांडा त्यानं ठामपणे ओढला आणि क्लच सोडला.

यार्डातल्या ट्रॅक्टरला दिवसभर पुढं-मागं करायचं असतं, म्हणून तो मागंही पुढच्याइतक्याच वेगानं जातो. तीन नंबर पीं पीं वाजवत मागं गेला, अर्धं ओढलेलं शटर अंगावर शालीसारखं घेतलं आणि गल्लीत पलीकडच्या पापडवाल्याच्या टेबलापासून हातभर अंतरावर, इंजिन बंद पडून, थांबला. पापडवाल्यानं पापडांची एक चवड उचलून शांतपणे आत नेऊन ठेवली.

धम्मदीपनं वाकलेल्या शटरची एक पट्टी ओढून बघितली.

"मागं चांगला जातो," बाळाजी म्हणाला आणि हसायला लागला. आधी नाकातून, मग पोट धरून, मग भिंतीला टेकून.

सुनंदानं डब्याचं झाकण लावलं. नवऱ्याला हसायचा हक्क तिनं अठ्ठावीस वर्षं राखून ठेवला होता आणि त्यात भागीदार घ्यायचा तिचा विचार नव्हता.

"भावोजी, रविवारी वेळेवर या," ती म्हणाली. "न जेवता या. जेवण तिकडं बांधावरच आहे. आणि पांढरा शर्ट घालून येऊ नका, डाग निघत नाहीत."

बाळाजीचं हसू अर्ध्यात राहिलं. आपल्या पक्षातून एक मत गेलं, हे त्याला दहा वर्षांच्या अनुभवामुळं लगेच कळलं.

"शटर तसंही बदलायचंच होतं," धम्मदीप म्हणाला. ते त्यानं मार्चमध्ये बसवलं होतं.

बाळाजी गेल्यावर अंजनानं भाकरीचा तुकडा मोडला. "तुला येत नाय."

"इंजिनचं म्हणशील तर..."

"इंजिनचं नाय विचारलं."

"नाही येत," शंकर म्हणाला.

"मला तोंडावर सांगायचं होतंस. शेत जायचंय ते माझं." ती रागानं बोलली नाही, त्यामुळं त्याला जास्त लागलं. "मग हा कोणाला येतो?"

शंकरनं चाकाच्या सळईवरचं वितळलेलं लोखंड नखानं खरवडलं. "किसनला. पंधरा वर्षं तोच चालवायचा. पण तो नाही यायचा. माझी तक्रार त्यानंच केली होती."

"राहतो कुठं?"

किसन बदलापूरला मांजर्लीत राहत होता, तळमजल्यावर. गेल्या सालच्या पुराची तपकिरी रेघ भिंतीवर छातीएवढ्या उंचीला होती. रंग दोनदा देऊनही ती वर येत होती, म्हणून किसननं घरातले सगळे फोटो काढून रेघेच्या वर टांगले होते. त्यामुळं त्याच्या घरी बसलेल्या माणसाला देवांकडं आणि नातेवाइकांकडं मान वर करूनच बघावं लागे.

"तीन नंबर?" किसन म्हणाला. "तो तर भंगारात गेला."

"आणला," शंकर म्हणाला.

किसननं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "क्लच अजून डावीकडं ओढतो का?"

"नवीन टाकलाय. मी स्वतः."

"म्हणजे ओढत असणार."

"तो ओढत नव्हता, किसन. तू त्याच्यावर पाय ठेवून बसायचास. चहा पितानासुद्धा."

"आणि तू दर दुरुस्तीनंतर दोन बोल्ट परत आणून द्यायचास. जास्तीचे म्हणून."

अंजनानं ते दोघं दमेपर्यंत वाट पाहिली. मग तिनं किसनला सगळं सांगितलं: बैल, गाळ, भट्टी, रविवार. तीन फूट म्हणजे किती हे तिनं भिंतीवरच्या रेघेच्या जरा खाली हात ठेवून दाखवलं. "इथवर खड्डा होईल," ती म्हणाली. "मग पुढच्या पुराला आत यायला आमंत्रण नको."

किसन हाताकडं आणि रेघेकडं बघत राहिला.

"लेखी लागेल," तो शेवटी म्हणाला.

"काय लेखी?"

"ड्यूटी. तोंडी ऑर्डरवर मी कधी गाडी हलवलेली नाही. सदतीस वर्षांत नाही."

शंकर उसळणार होता, पण अंजनानं कॅलेंडरचं जून महिन्याचं पान फाडून त्याच्यापुढं सरकवलं. त्यानं मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: 'श्री. किसन यांना रविवारी सकाळी सात वाजता यार्ड ट्रॅक्टर क्र. ३ वर चिखलणीसाठी हजर राहण्याचे आदेश देण्यात येत आहेत.' खाली 'अधिकारी' असं लिहून तो अडला. अंजनानं पेन घेतलं आणि तिसऱ्या इयत्तेपर्यंत शिकलेल्या गोल अक्षरांत सही केली. किसननं कागद उजेडात धरून वाचला, घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवला.

"जेवणाची सुट्टी साडेबारा ते एक," तो म्हणाला.

रविवारी सकाळी तो सात वाजता नव्हे, पावणेसातला हजर होता, इस्त्री केलेल्या खाकीत. आदल्या दिवशी ट्रकवरून उतरवलेला तीन नंबर बांधाशी उभा होता. पावसाची भुरभुर होती, खाचरांत पाणी तुंबलं होतं, लावणीला दहा बाया आल्या होत्या आणि बघायला निम्मं गाव. धम्मदीप हातोडा घेऊन आला होता. बाळाजी छत्री, बूट आणि पांढरा शर्ट घालून बांधावर उभा राहिला.

किसन चढला, बसला आणि तसाच बसून राहिला.

"काय झालं?" शंकरनं विचारलं.

"झेंडेवाला कुठाय?"

"कसला झेंडेवाला?"

"यार्डात गाडी हलली की पुढं लाल झेंडा घेऊन माणूस चालणार. नियम आहे."

"किसन, हे यार्ड नाही. समोर कुणी नाही. बेडूक आहेत."

"नियम बेडकांसाठी नाही. ड्रायव्हरला पुढचं चाक दिसत नाही म्हणून आहे."

बाळाजीनं घड्याळाकडं पाहिलं, मोठ्यानं. सुनंदा पुढं आली आणि तिनं आपली लाल छत्री अंजनाच्या हातात दिली.

"उघडली की थांबायचं," अंजना किसनला म्हणाली. "मिटलेली असली की यायचं."

"बरोबर," किसन म्हणाला आणि दांडा पुढं ढकलला.

अंजना साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरली. भुरभुर पावसात मिटलेली छत्री घेऊन एक बाई भिजत चालली आहे आणि तिच्या मागून एक विटका पिवळा ट्रॅक्टर पाठीवरची वेगमर्यादा काटेकोरपणे पाळत येतो आहे, असं दृश्य त्या गावानं पाहिलं नव्हतं. पण मागं फिरणाऱ्या लोखंडी पिंजऱ्यांनी पाणी आणि माती अशी घुसळली की दोन फेऱ्यांत चिखल दुधाच्या सायीसारखा जमला. बाया हसायला लागल्या. शंकर बाजूनं धावत होता, कान इंजिनाकडं, तोंड उघडं. बावीस वर्षं ज्याला तो फक्त आजारपणात भेटला होता, तो आज धडधाकट चालताना दिसत होता.

दुसऱ्या खाचरात इंजिन इतकं सुरेल लागलं की शंकरला राहवलं नाही. "चल किसन, जाऊ दे सरळ," तो ओरडला. बाळाजीही बांधावरून नकळत म्हणाला, "सरळ, सरळ."

छत्री उघडली.

किसन जागच्या जागी थांबला. तेवढ्यात डावं चाक वीतभर खाली गेलं, मग अजून वीतभर. अंजनानं छत्री मिटून पुढं चिखलात खुपसली. छत्री गेली, गेली आणि नुसती मूठ वर राहिली. पुरानं इथंच बांध फोडला होता आणि पाण्याच्या भोवऱ्यानं खोल खड्डा पाडून तो पातळ गाळानं भरून ठेवला होता. वरून तो बाकीच्या खाचरासारखाच दिसत होता. तीस वर्षं इथं चालणाऱ्या पायांनाच फरक कळत होता.

"मागं घे," शंकर म्हणाला.

किसननं दांडा उलटा केला. दुसरा एखादा ट्रॅक्टर मागं यायला कुरकुरला असता. तीन नंबर जसा आला तसाच, त्याच जोरात, पीं पीं करत मागं आला. पलीकडच्या बांधावरचे बगळे एकदम उठले आणि बायांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर शंकरनं एकदाही कुणाला सरळ जायला सांगितलं नाही. अंजना खड्ड्याला वळसा घालून चालली, ट्रॅक्टरनंही वळसा घातला.

साडेबाराला किसननं इंजिन बंद केलं आणि एकला सुरू केलं. तीनपर्यंत सपाटीची फळी फिरून सगळी खाचरं आरशासारखी झाली. किसन खाली उतरला, रुमालानं हात पुसले आणि शंकरकडं न बघता म्हणाला, "डावीकडं नाही ओढत." शंकरनंही त्याच्याकडं न बघता मान हलवली. दोघांनाही डोळ्यांचा काही त्रास असावा.

पण मुदत नुसत्या चिखलणीची नव्हती, लावणीचीही होती. दहा बाया, अंजना, आणि हौसेनं उतरलेला धम्मदीप, ज्याच्या ओळी लेथवर काढल्यासारख्या सरळ होत्या, एवढे हात लागूनही पाचच्या सुमाराला एक चतुर्थांश खाचर मोकळंच होतं. शंकर लावत होता, पण त्यानं लावलेलं दर तिसरं रोप आडवं होत होतं. गावातले बाकीचे हात सकाळची गंमत बघून आपापल्या शेतात गेले होते. पश्चिमेकडं ढगांच्या खाली ऊन आलं होतं, आणि ते खाली खाली येत होतं.

बाळाजीला काहीच करायचं नव्हतं. नुसतं उभं राहिलं की पुरे होतं.

अंजनानं पाठ सरळ केली, बांधाकडं पाहिलं. रोपांची एक मूठ उचलून तिनं त्याच्या दिशेनं भिरकावली, लहानपणी आबा भिरकावायचे तशी, खालून, वळणदार. बाळाजीचे हात आपोआप पुढं आले आणि त्यांनी ती झेलली. मुळांतला चिखल पांढऱ्या शर्टावर खांद्यापासून पोटापर्यंत उडाला.

तो शर्टाकडं बघत राहिला. मग हातातल्या मुठीकडं. मुळं गार होती. मग त्यानं बांधावर बसून बूट काढले, मोजे काढले, मोबाइल बुटात ठेवला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सत्तावीस वर्षांनी पहिल्यांदा त्या खाचरात पाय घातला.

त्याची पहिली चार रोपं अंजनानं उपटली. "वर वर लावतोस. अंगठ्यानं दाब."

"मुद्दा असा आहे..." बाळाजीनं सुरुवात केली.

"अंगठ्यानं," अंजना म्हणाली.

त्यानं ती परत लावली. पाचवं रोप तिनं तसंच ठेवलं. मग त्याचा हात सुटला, आणि शंकर बघतच राहिला, कारण थोरला भाऊ मागं सरकत, डाव्या हातातून उजव्या हातात रोप घेत, न बघता लावत होता आणि एकही आडवं होत नव्हतं.

बुटात फोन वाजला. सुनंदा चहाची किटली घेऊन बांधावर होती. तिनं बूट उचलला, फोन काढला, नाव वाचलं.

"भावोजी, भट्टीवाल्यांचा आहे."

"सांग, लावणी चाललीय."

सुनंदानं सांगितलं, ऐकलं आणि फोनवर हात ठेवला. "ते म्हणतात, काही हरकत नाही, लावा भात. कापून होऊ दे. दिवाळीनंतर माती उचलू."

अंजनाचे हात थांबले. शंकरचेही थांबले, पण त्याचे तसेही फारसे चालत नव्हते. मुदत भट्टीवाल्याला ठाऊक नव्हती, आणि नकार द्यायचा थोरल्या भावाचा शब्द थोरल्या भावाकडंच होता. चिखलात सगळे वाकलेले, कुणी कुणाकडं पाहिना.

बाळाजीनं हातातलं शेवटचं रोप अंगठ्यानं दाबून बसवलं.

"त्याला म्हणावं, खाचर रिकामं नाही. भात निघालं की ओल्यातच वाल टाकायचेत," तो म्हणाला, आणि वाकल्या वाकल्याच पुढची मूठ मागायला त्यानं बहिणीकडं हात पसरला.